बारा माणसं, दोन शेगड्या आणि वडाभात

घरी जेवायला बोलवायचं ठरलं की पहिला प्रश्न पडतो, काय करायचं? तो जरा मागे ठेवा. आधी हे बघा की पाहुणे दारात आल्यावर गॅसवर किती काम उरणार आहे. पोळ्या ठरवल्या तर बारा जणांना ४०-४५ पोळ्या लागतात. दीड मिनिटाला एक धरली तरी तासाच्या वर वेळ जातो. तेवढा वेळ घरातलं एक माणूस लाटणं हातात धरून स्वयंपाकघरात आणि बाकीचे हॉलमध्ये. पुऱ्यांचं तेच, डोशांचं त्याहून वाईट. असले पदार्थ चार जणांना करावेत. दहा-बारा जणांना जे एकदा गंजात (पातेल्यात) उतरवलं की पळीनं वाढता येतं तेच करावं.

नागपुरात यासाठी दूर जावं लागत नाही. सकाळचा बेत असेल तर तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्यांचा तिखट रस्सा), जेवणाचा असेल तर वडाभात (गरम भातावर कुस्करलेले डाळीचे वडे आणि फोडणीचं तेल) आणि कढी. दोन्ही कडधान्य-डाळींवर उभे आहेत, म्हणून स्वस्त पडतात. दोन्हींत शेवटच्या क्षणाचं काम पंधरा मिनिटांचं असतं. आणि दोन्ही असे आहेत की माणूस "अजून थोडं वाढा" म्हणतो. पनीरच्या भाजीला तसं फारसं कुणी म्हणत नाही, आणि खर्च मात्र तिचाच जास्त.

बारा हा आकडा का, तर दोन शेगड्या, पाच लिटरचा कुकर आणि घरातली नेहमीची कढई यांवर तेवढंच नीट निभतं. हॉलमध्ये भिंतीला धरून सतरंज्या टाकल्या तर बारा-चौदा माणसं मांडी घालून बसतात. पंधरा झाले की पंगत दोनदा बसवावी लागते. वीस झाले की भाड्याची भांडी आणि मोठी शेगडी आली, मग तो घरचा बेत राहत नाही, छोटं लग्नच होतं. दहा वर्षांखालची दोन मुलं मिळून एक माणूस मोजा.

निरोप पाठवताना वेळ जेवणाची लिहा. 'रविवारी दुपारी या' वाचून कुणी साडेबाराला येतं, कुणी अडीचला. 'जेवण सव्वा वाजता, भात गरम आहे तोवर' असं लिहिलं की बहुतेक जण एकच्या आसपास येतात. "काकू, येताना काय आणू?" असं कुणी विचारलं तर "काही नको गं" म्हणू नका, तसं म्हटलं की तीन मिठाईचे डबे येतात. वस्तू सांगा आणि वजनही सांगा: "एक किलो आंबट दही आण", "काकड्या आण, सहा". भिशीत किंवा हळदीकुंकवात हे सगळ्या जणी करतातच, जेवणाच्या बेतात उगाच संकोच होतो.

वडाभाताचा हिशेब

भाव महिन्या-महिन्याला बदलतात, म्हणून वजनं देतो. बारा जणांसाठी: तांदूळ १ किलो १०० ग्रॅम. चणाडाळ ४०० ग्रॅम, तूरडाळ १५०, मूगडाळ १००, उडीदडाळ १००. आंबट दही १ किलो, बेसन ५० ते ६० ग्रॅम. तेल तळायला १ लिटर, त्यातलं खर्च होतं ३०० ग्रॅमच्या आसपास, आणि वरच्या फोडणीला वेगळं २५० ग्रॅम. सांबार दोन मोठ्या जुड्या (इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, बाहेरगावच्या पाहुण्यांना मदतीला बसवलं तर हे आधी सांगून टाका). आलं २ इंच, लसणाचे दोन गड्डे, हिरव्या मिरच्या दहा-बारा, सुक्या लाल मिरच्या १५, कढीपत्ता, मोहरी, जिरं, मेथीदाणे, हिंग, हळद. जोडीला कांदे सहा, काकड्या सहा, लिंबं सहा, पापड वीस.

एवढ्यासाठी कळमन्याच्या घाऊक बाजारात जाऊ नका. तिथला भाव घाऊक मापाला परवडतो आणि बारा माणसांना तेवढं लागत नाही. वाचलेले पैसे ऑटोत जातात. डाळ-तांदूळ इतवारीत एकदम घेतले तर फरक पडतो, भाजी सकाळी कॉटन मार्केटमधून किंवा आपल्या भागातल्या आठवडी बाजारातून.

तांदूळ जुना घ्या. विदर्भात घरोघर चालणारा एचएमटी यासाठी उत्तम, दाणा बारीक आणि भात मोकळा. हे वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेलं, नाव मात्र एचएमटी घड्याळाचं पडलं. बासमती वडाभाताला नकोच. त्याचा वास फोडणीशी भांडतो आणि लांब दाण्यात कुस्करलेला वडा नीट मिसळत नाही. नवा तांदूळ हाती आला तर पाणी कमी घाला. जुन्याला एका वाटीस सव्वादोन वाट्या लागतात, नव्याला पावणेदोन पुरतात.

आता डाळी. चारही एकत्र धुऊन भिजवा, चार तास. हिवाळ्यात कोमट पाणी घ्या, मे महिन्यात तीनच तास ठेवा, नाहीतर आंबूस वास येतो. रात्रभर भिजवण्याचा मोह टाळा. डाळ जास्त पाणी पिते आणि वडा मऊ, तेलकट होतो. भिजली की चाळणीत उपसून अर्धा तास निथळू द्या. ही पायरी लोक गाळतात आणि मग मिक्सरमध्ये पाणी न घालताही पीठ पातळ का झालं म्हणून कपाळाला हात लावतात.

वाटताना पाणी अजिबात घालायचं नाही. चार घाणे करा, भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, आणि मिक्सर सलग न फिरवता थांबत-थांबत फिरवा. आलं, हिरवी मिरची, एक गड्डा लसूण पहिल्या घाण्यातच टाका. पीठ रवाळ हवं, बोटांत डाळीची कणी लागली पाहिजे. मूठभर भिजलेली डाळ न वाटता बाजूला ठेवून शेवटी मिसळली तर वडा कुस्करल्यावर दाताखाली कुरकुर येते, वडाभाताची गंमत तीच. जिरं, हळद, चिरलेला सांबार घाला. मीठ तळायच्या अगदी आधी, तेही अर्ध्या पिठात. मीठ पडलं की डाळ पाणी सोडते, सगळ्यात एकदम टाकलं तर दुसरं अर्धं पीठ वाट बघत सैल होऊन बसतं. खायचा सोडा लागत नाही. चिमटीपेक्षा जास्त पडला तर वडे स्पंजासारखे तेल पितात.

साधारण दीड किलो पीठ तयार होतं. लिंबाएवढा गोळा हातावर हलका दाबून सोडला की ५०-५५ वडे निघतात. माणशी चार, वर पाच-सात 'चव बघायला', कारण ते जाणारच आहेत. कढईत एका वेळी आठ-नऊ, आच मध्यम, एका घाण्याला सहा-सात मिनिटं. एकूण पाऊण तासाच्या वर धरा.

वडा तेलात सुटतोय, म्हणजे पीठ ओलं आहे किंवा फारच जाडसर राहिलंय. दोन चमचे तांदळाचं पीठ मिसळा आणि पुढचा घाणा टाकण्याआधी तेल तापू द्या. वडा दगडासारखा होतोय, म्हणजे पीठ फार बारीक वाटलं गेलं किंवा हातावर थापताना जोर लागला. बाहेरून लाल आणि आत कच्चा, तर आच मोठी आहे. पहिला एकच वडा टाका, मोडून बघा, मीठही तेव्हाच कळतं. सगळे ५० तळून झाल्यावर मीठ कमी असल्याचं कळलं तर करण्यासारखं एकच उरतं, फोडणीच्या तेलात थोडं मीठ टाकणं.

वडे आधी तळून ठेवता येतात हीच या पदार्थाची मोठी सोय. पानात ते कुस्करायचेच असतात, वरून गरम भात आणि कडकडीत तेल येतं, म्हणून वडा तासाभरापूर्वीचा असला तरी कुणाला कळत नाही. फक्त झाकून ठेवू नका. वाफ धरून ते नरम पडतात. चाळणीत उघडेच ठेवा.

कढी दुसऱ्या शेगडीवर, वडे तळले जात असतानाच. दही आंबट हवं. विकतचं गोड दही असेल तर आदल्या दिवशी चार-पाच तास फ्रिजबाहेर ठेवा. दह्यात बेसन घालून गुठळी मोडेपर्यंत रवीनं घुसळा, मग दोन लिटर पाणी. ठेचलेलं आलं-मिरची, चिमूटभर हळद. गंज पाच लिटरचा घ्या, तीन लिटर कढीला उतू जायला जागा हवी. पहिली उकळी येईपर्यंत सलग ढवळत राहा, मध्यम आचेवर. कढी फाटते ती बहुधा याच दहा मिनिटांत. ढवळणं थांबलं, आच मोठी झाली, बेसन कमी पडलं किंवा मीठ आधी पडलं, चारपैकी एक तरी झालेलं असतं. उकळी आली की आच बारीक करून पंधरा मिनिटं, मीठ त्यानंतर. फोडणी तुपाची: जिरं, अर्धा चमचा मेथीदाणे, कढीपत्ता. मेथीदाणा लालसर झाला की लगेच ओता, काळा झाला तर सगळी कढी कडू. फाटलीच तर चमचाभर बेसन वाटीभर गार पाण्यात कालवून हळूहळू ओतत घुसळा. पूर्वीसारखी होत नाही, पण भातावर चालून जाते.

भात दोन वेळा लावा. १ किलो १०० ग्रॅम तांदूळ एका पाच लिटरच्या कुकरमध्ये मावेल असं वाटतं, पण कुकरमध्ये भाताला अर्ध्याच्या वर भरायचं नसतं. तांदूळ फुगून वर येतो, शिटीत फेस अडकतो आणि खालचा भात गिचका होतो. ५५० ग्रॅमचे दोन कुकर लावा, प्रत्येकाला वाफ जिरेपर्यंत धरून अर्धा तास. पहिला भात गंजात काढून झाकण ठेवा आणि जुन्या चादरीत गुंडाळा, पंगत बसेपर्यंत चांगला गरम राहतो. पाण्यात चमचाभर तेल आणि अर्धं लिंबू पिळलं तर दाणा सुटा राहतो.

शेवटची फोडणी पानं मांडल्यावरच. २५० ग्रॅम फल्लीतेल (शेंगदाण्याचं तेल) तापवा, गॅस बंद करा, मग मोहरी, तडतडली की ठेचलेला दुसरा लसणाचा गड्डा, हिंग एक चमचा, सर्वांत शेवटी सुक्या मिरच्या. मिरच्या आधी टाकल्या तर काळ्या पडतात आणि ठसका साऱ्या घरभर. आपल्या जिल्ह्यातली भिवापुरी मिरची मिळाली तर तीच घ्या, रंग आणि तिखटपणा दोन्ही आहेत, पण मग १५ ऐवजी १० पुरे. हे तेल कढईतून वाढायला जाऊ नका. जाड बुडाच्या स्टीलच्या भांड्यात काढा, पाटावर ठेवा आणि एकाच माणसानं छोट्या पळीनं वाढावं. मुलं पंगतीत असतील तर त्यांच्या भातावर तेल स्वयंपाकघरातच घालून ताट बाहेर आणा.

पानात गरम भात, त्यावर दोन वडे कुस्करून, पळीभर तेल, लिंबाची फोड, कढी वाटीत. उरलेले दोन वडे बाजूला, अख्खे. भाजलेले पापड, कांदा-काकडी, जवसाची चटणी. दुसरी भाजी करू नका. केली तर ती उरते, आणि भातही उरतो.

घड्याळ

हिवाळ्यातल्या रविवारी सव्वा वाजताच्या जेवणासाठी: सकाळी साडेसहाला डाळी भिजत, साडेदहाला उपसून निथळत, अकराला वाटण, साडेअकराला तळण आणि शेजारी कढी. बाराच्या सुमारास कढी उतरली की त्याच शेगडीवर पहिला कुकर, साडेबाराला दुसरा. तोवर तळण संपलेलं असतं, रिकाम्या शेगडीवर पापड भाजा. एक वाजता दुसऱ्या कुकरची वाफ जिरते. त्या दहा मिनिटांत हात-तोंड धुऊन साडी किंवा शर्ट बदलता येतो. घरात दोन माणसं हात लावणारी असतील तर कांदा-काकडी, पाणी, पानं हे दुसऱ्याचं. एकटेच असाल तर सांबार, लसूण निवडणं आदल्या रात्री उरका. आणि सिलिंडर हलवून बघणंही आदल्या रात्रीच.

लवकर येणाऱ्यांसाठी मुर्राचा (मुरमुऱ्यांचा) चिवडा पुरतो: मुर्रा २५० ग्रॅम, फल्लीदाणे १००, फुटाण्याची डाळ १००. याहून जास्त काही मांडलं तर पंगतीत माणसं भात परत सारतात.

उन्हाळ्याचं गणित वेगळं आहे. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा दुपारचा बेतच चुकीचा, रात्री साडेआठचा ठेवा. तळणं सकाळी नऊच्या आत संपवा, म्हणजे डाळी पहाटे चारला भिजत टाकाव्या लागतील. वडे गार झाले की फ्रिजमध्ये, रात्री आठला कडक तेलात दोन मिनिटं पुन्हा. कढी संध्याकाळीच करा, सकाळची कढी या उन्हात टिकत नाही. गच्चीवर बसायचं असेल तर सहाला एकदा आणि सातला एकदा पाणी मारा. दिवसभर तापलेला स्लॅब नऊपर्यंत धग देत राहतो, एकदा मारलेलं पाणी नुसतं वाफ होऊन जातं. हॉलमध्येच बसणार असाल तर कूलरच्या समोरची खिडकी उघडी हवी. ती बंद केली की तासाभरात बारा माणसांची दमट खोली होते. पाणी माणशी एक लिटर धरा: माठ भरलेला आणि वर २० लिटरची एक कॅन. कोल्ड्रिंकच्या बाटल्यांऐवजी पन्हं. चार मध्यम कैऱ्या उकडून निघालेल्या गरात साधारण तेवढाच गूळ, वेलची, मीठ. त्यात बारा-चौदा पेले होतात.

गोडाचा फार विचार करू नका. संत्र्याच्या मोसमात डझन-दीड डझन संत्री सोलून फोडी परातीत ठेवा, साल-बिया टाकायला शेजारी वाडगं. मोसम नसेल तर शेवयांची खीर: दूध दीड लिटर, शेवया ८० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम. शेवया कमी वाटतील, वाढवू नका. गार होताना त्या दूध पितात, आणि १५० ग्रॅम घातल्या तर तासाभरात खिरीचा सांजा होतो.

तर्री-पोहे, सकाळच्या बेताला

हे वडाभातापेक्षाही स्वस्त. जाड पोहे ७५० ग्रॅम, काळे हरभरे ३५० ग्रॅम रात्रीच भिजवलेले. हरभरे मीठ घालून कुकरला सहा शिट्ट्या, पाणी फेकू नका. चार कांदे आणि ६० ग्रॅम सुकं खोबरं भाजून, लसणाच्या १५ पाकळ्या व आल्याबरोबर वाटून घ्या. तर्री, म्हणजे रश्श्यावरचा लाल थर, तेलाशिवाय येत नाही, १५० ग्रॅम लागतंच. वाटण तेल सुटेपर्यंत परता, दहा-बारा मिनिटं. आच बारीक करून मग तिखट आणि गरम मसाला. धूर निघणाऱ्या तेलात तिखट टाकलं तर तर्री लाल न होता काळपट होते. लगेच हरभऱ्याचं पाणी आणि दीड लिटर उकळतं पाणी घाला. गार पाणी घातलं तर रस्सा मध्येच थंडावतो आणि तेल वर यायला वेळ लागतो. मंद आचेवर वीस मिनिटं, न ढवळता. वर लाल थर आला की तो वेगळ्या वाटीत काढून ठेवा, म्हणजे तिखट न खाणाऱ्यांना नुसते हरभरे आणि बाकीच्यांना वरून तर्री. हे सगळं रात्रीही करता येतं. गार झालं की फ्रिजमध्ये, सकाळी फक्त उकळी.

पोहे चाळणीत धुवा आणि दहा मिनिटं तसेच ठेवा, पाण्यात बुडवून ठेवले की लगदा. नेहमीच्या कढईत ४०० ग्रॅमच्या वर पोहे हलत नाहीत, म्हणून दोनदा फोडणी. पहिला घाणा झाकून ठेवा, वाढण्याआधी चमचाभर पाण्याचा हबका मारून मिनिटभर आच द्या.

पाटोडी-रस्सा हाही बेत बरेच जण सुचवतात. चव छान, पण बेसन घोटणं, थापणं, वड्या पाडणं याला सराव लागतो. आधी दोनदा घरच्यांसाठी करून बघा, मगच बारा जणांना.

भांडी आणि उरलेलं

ताटं बारा, वाट्या चोवीस, पेले पंधरा. घरी नसतील तर शेजारून मागा आणि प्रत्येक घराच्या भांड्यांना वेगळ्या रंगाचा दोरा किंवा नेलपॉलिशचा ठिपका लावा, नाहीतर महिनाभर कुणाची वाटी कुणाकडे हे चालू राहतं. थर्माकोलची ताटं राज्यात २०१८ पासून बंद आहेत, शिवाय गरम तेलापुढे ती टिकत नाहीत. पळसाच्या पत्रावळी बाजारात मिळतात. आणल्या तर आधी पाण्यातून काढून पुसून घ्या, कोरडी पत्रावळ दुमडताना फाटते. कढी द्रोणात न देता स्टीलच्या वाटीतच द्या, द्रोण पाच मिनिटांत गळतो आणि सतरंजी पिवळी होते.

उरलेला भात पंगत उठल्याबरोबर परातीत पसरवा, गार झाला की तासाभरात फ्रिजमध्ये. गंजात झाकून संध्याकाळपर्यंत तसाच कोमट राहिला तर त्यात जंतू वाढून विष सोडतात, आणि ते भात पुन्हा गरम करून जात नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा फोडणीचा भात. उरलेली कढी उकळून, गार करून तीही फ्रिजमध्ये, आणि उद्या उरलेले वडे तिच्यातच सोडायचे. तळणाचं तेल गार झाल्यावर फडक्यातून गाळा, तळाशी बसलेला डाळीचा चुरा सोडून द्या, आणि भाज्यांच्या फोडणीला दोन-तीन दिवसांत संपवा.